शेवटचा आकडा

जिंतूरच्या स्टँडमागची ती भिंत मीच रंगवली होती.
पिवळ्यावर निळं : दारू सुटत नाही? फोन करा.
खाली दहा आकडे, कोपऱ्यात सही, मुंजा पेंटर.
तीनशे ठरले होते.
आगाऊ घेतलेले दोनशे
शिडी चढायच्या आधीच संपले.

चार वर्षांनी त्याच भिंतीला टेकून बसलो होतो,
सकाळचे सात,
खिशात पोराच्या गल्ल्यातले चौऱ्याऐंशी रुपये,
सगळी नाणी.
खिसा इतका जड की उठता येईना.
मान मागं टाकली तर डोक्यावर माझंच अक्षर,
उलटं.

फोन एका बाईनं उचलला. मागं घरघर.
"चुकलाव भाऊ, ही मंठ्याची गिरणी हाय, पिठाची."
मी ठेवणारच होतो.
"थांबा. दारूचा नंबर पायजे ना?
शेवटी नऊ न्हाई, एक हाय.
कोण्या मेल्यानं भिंतीवर चुकीचा लिवलाय."
तो मेला मी, असं काही मी म्हणालो नाही.

"हप्त्याला एखादा येतोच फोन. आधी शिव्या द्यायचे.
आता डब्यावर खडूनं लिवून ठेवलाय बरोबर नंबर.
घ्या लिहून."
पेंटर मी, आणि लिहायला काही नव्हतं.
"मग पाठ करा."
तीनदा म्हणून घेतला तिनं माझ्याकडून.

"बाई, तुमी का करता एवढं?"
पट्टा थांबला.
थोडा वेळ नुसतं पीठ खाली बसत राहिलं असावं.
मग म्हणाली, "गहू हाय का ज्वारी,
गिऱ्हाइकाला इचारायचं राह्यलं,"
आणि ठेवला.

परभणी. रविवार. सहा वाजता.
मोंढ्याच्या मागं शाळा, दुसरीचा वर्ग.
पहिल्या रविवारी फाटकापर्यंत गेलो, शेंगदाणे घेतले, परत.
दुसऱ्या रविवारी शेंगदाणेसुद्धा नाहीत.
तिसऱ्याला आभाळ भरून आलं नव्हतं,
कुणी हात धरला नाही,
परतीची गाडी चुकली होती, एवढंच.

बाकडी पोरांची. गुडघे छातीला.
फळ्यावर घ, घर, घागर.
ॲम्ब्युलन्सवाला लिंबाजी म्हणाला, आज अकरावा दिवस.
केस कापणारा नईम म्हणाला,
वस्तरा धरल्यावर गिऱ्हाईक डोळे मिटतंय
याची मला भीती वाटायची.
एकानं हेल्मेट काढलंच नाही.
चहा अर्धा अर्धा कप, बिस्किटं मोजून.

माझी पाळी.
"मुंजा," म्हणालो. "पेंटर."
वसमतचे गुरुजी म्हणाले, "बरं. अजून?"
अजून एकच शब्द होता.
तो लोक माझ्या पाठीमागं रोज म्हणायचे,
तोंडासमोर मी पहिल्यांदा म्हणालो.
आणि मग, कशाला कोण जाणे,
"भिंतीवरचा नऊ माझा हाय."

पंखा कटकटत राहिला.
आधी नईम हसला, खोकला येईपर्यंत.
लिंबाजी म्हणाला, "मी गिरणीवाल्या बाईकडूनच आलो."
हेल्मेटच्या आतून आवाज आला, "मी पण."
गुरुजी चष्मा पुसत म्हणाले,
"काम ठरवलं तेव्हाच वास येत होता तुझ्या तोंडाचा.
दुसरा पेंटर अडीचशेत करायला तयार होता."
मी राहिलेले शंभर मागितले.
"काम पुरं कर," म्हणाले, "मग बघू."

सोमवारी शिडी लावली.
हात थरथरायलाच. उजव्याचं मनगट डाव्यानं धरलं
आणि नऊवर पिवळा फिरवला.
आता तो वाळल्याशिवाय एक लिहिता येत नाही.
समोर दुकानाचं शटर अर्धं वर गेलेलं,
आतून बाटल्यांची खोकी सरकवल्याचा आवाज.
भिंतीवर फक्त नऊ आकडे,
कुठंच न लागणारा नंबर.

मी शिडीवरच बसून राहिलो.
मधल्या वेळात कुणी आलंच,
तर तोंडी सांगायला.